पाठमोरे ग्रीव्हसाहेब

त्या गुरुवारी दुपारच्या खेळालाही ग्रीव्हसाहेब स्टेजकडे पाठ करून बसले होते. स्टेजच्या अगदी कडेला, भिंतीतून पुढे आलेल्या बॉक्समध्ये त्यांची खुर्ची असायची, आणि ती मांडलेली असायची प्रेक्षकांकडे तोंड करून. विंगेतून मला त्यांचं टक्कल, कोटाची कॉलर आणि हातातली छोटी दुर्बीण एवढंच दिसत होतं. नाटक त्यांचं, कंपनी त्यांची, नटनट्या त्यांनी स्वतः निवडलेल्या, आणि बघत होते कुणाकडे, तर समोर बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे.

"एकदा तरी इकडे बघा की हो," मी पुटपुटले. मराठीतच, त्यामुळे कुणाला कळायची भीती नव्हती.

माझ्या लुगड्याला टाचण्या लावणारी आयरीस हसली. आयरीस म्हणजे आमच्या कपडेपटाची बाई. तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण मी कुणाला शिव्या घालतेय ते तिला बरोबर समजायचं. ती म्हणाली, साहेब असेच. ते नाटक कधीच बघत नाहीत, नाटक बघणाऱ्यांचे चेहरे बघतात, आणि त्यावरून कुठलं गाणं ठेवायचं नि कुठल्यावर कात्री चालवायची ते ठरवतात. आणि त्यांचं कधी चुकत नाही, असं सगळं लंडन म्हणतं.

ही गोष्ट फार जुनी. मी तेव्हा तिशीची होते. आता ते दिवस आठवते, तर सगळं धुक्यातच दिसतं. त्याचं कारण साधं आहे, तिथे खरोखरच धुकं होतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ते गाव, नोव्हेंबर महिना, आणि थिएटर अगदी समुद्राला लागून. कुणी मागचं दार उघडलं की धुकं आत शिरायचं आणि रंगवलेल्या बोटीच्या शिडाभोवती रेंगाळत राहायचं. लांब कुठेतरी बोटींना सावध करणारा भोंगा वाजायचा. जागी आहे की झोपेत चालतेय, असा प्रश्न मला दिवसातून दोनदा तरी पडायचा.

मी मूळची मिरजेची, मंदाकिनी हळबे. तिकडे सगळे मला मॅन्डी म्हणायचे. माझे वडील एका फिरत्या संगीत नाटक मंडळीत ऑर्गन वाजवायचे. विंगेतल्या धुळीतच मी लहानाची मोठी झाले म्हणा ना. लग्न होऊन लंडनला गेले आणि गाणं उरलं ते महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीपुरतं. तिथे कुणीतरी ऐकलं, कुणीतरी कुणाला सांगितलं, आणि एक दिवस बोलावणं आलं, की एका नव्या म्युझिकलमध्ये गाणारी हिंदुस्थानी बाई हवी आहे. आमच्या संगीत नाटकाचा विलायती भाऊच तो. गाणी, नाच, तीस वादकांचा ताफा. माझ्या नवऱ्याला वाटलं, हौस आहे, चार दिवसांत फिटेल.

नाटक होतं एका गोऱ्या कुटुंबाचं. हिंदुस्थान सोडून ते बोटीने घरी निघालेत आणि त्यांच्या लेकराला सांभाळणारी आया सोबत आहे. बंदर आलं की तिला सोडून देणार आहेत, आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे, एकट्या त्या लेकराला सोडून. ती आया मी. माझ्या वाट्याला "येस, मेमसाहेब" सोडलं तर बोलणं काही नव्हतं. होतं ते एक गाणं. दुसऱ्या अंकात, रात्रीच्या डेकवर, मी बाळाला निजवते ते. शब्द इंग्रजी होते, पण दिग्दर्शक डेरेकने तालमीत सांगितलं की शेवटी तुझ्या भाषेतलं काहीतरी घाल. मी आईची अंगाई घातली. तिनेच रचलेली, आम्हा भावंडांपलीकडे कुणी न ऐकलेली. आई त्याच वर्षी उन्हाळ्यात गेली होती आणि मला पोचता आलं नव्हतं. तार आली तेव्हा मी लंडनमध्ये कुणाच्या तरी कपड्यांना इस्त्री करत होते. त्या चार ओळी म्हणताना रोज संध्याकाळी मी तिच्याशी बोलून घ्यायचे. दुसरं काही नव्हतं हो माझ्याकडे तिचं.

नीज रे सोन्या, दर्या निजला,
दिवा बोटीचा पेंगत विझला,
उजाडेल तेव्हा सुटेल हात,
तोवर आहे मी, तोवर रात.

त्या दुपारी मी ते गाणं असं गायले, की माझं मलाच नवल वाटलं. वाद्यं एकेक करून थांबत गेली, शेवटी उरला फक्त माझा आवाज आणि बाहेरचा तो भोंगा. पुढच्या रांगेत जांभळ्या टोपीतली एक आजी होती. तिने डोळे मिटले. मग तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याने. मग मागच्या रांगेत, त्याच्या मागे, जिथवर उजेड पोचत होता तिथवर माणसं डोळे मिटून बसली होती. माझ्या अंगावर काटा आला. वडिलांच्या मंडळीत एखादं पद असं रंगलं की सबंध मांडव डोळे मिटायचा. मी मनात म्हटलं, मंदे, जिंकलंस.

गाणं संपलं. टाळी पडली नाही. तिकडची रीत अशी, की गाण्याच्या शेवटी वाद्यं एक जोरदार ठोसा देतात आणि लोकांना कळतं की आता टाळ्या वाजवायच्या. डेरेकने माझ्या गाण्याला तो ठोसा ठेवलाच नव्हता. बाळ निजलंय, ठोसा कसला देता? म्हणून नुसती शांतता, आणि मग हळूच पुढचा प्रवेश.

बॉक्समधली दुर्बीण खाली आली. टक्कल जरासं हललं.

शुक्रवारी सकाळी सगळ्यांना स्टेजवर बोलावलं. बाहेरगावी असे तीन आठवडे खेळ लावायचे, दुरुस्त्या करायच्या, आणि मगच लंडनला जायचं, अशी पद्धत. दुरुस्त्या ग्रीव्हसाहेब स्वतः सांगायचे. मोजकं बोलायचे, सांगून झालं की पाठ फिरवायचे, आणि त्यांनी पाठ फिरवली की विषय संपला. मागून कुणी काहीही म्हणो, ते वळायचे नाहीत. कंपनीत त्याचा मोठा दरारा होता.

त्यांनी दोन नाच थोडे आवळायला सांगितले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आयाचं गाणं आजपासून बंद. लोक झोपले."

आणि पाठ फिरवून चालू लागले. डेरेक त्यांना नावाने हाक मारत मागून म्हणत राहिला की लायनेल, माझं ऐका, या नाटकात खरं असं ते एकच गाणं आहे. साहेब गेले ते गेलेच.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. लोक झोपले? सबंध हॉल कान होऊन बसला होता, आणि हा म्हातारा म्हणतो झोपले. आयरीसने मला ओढत कपडेपटात नेलं, चहा हातात दिला आणि साहेबांची बाजू घेत बसली. म्हणाली, पोटासाठी वाळूवर तंबू ठोकून गाण्याबजावण्याचे खेळ करणारा माणूस हा. स्वतः गायचा, बरं का. लढाईच्या काळात कारखान्यांतून मंडळ्या घेऊन हिंडला. मग लंडनला त्याची दोन-दोन म्युझिकल एकाच वेळी चालायची, वर्षानुवर्षं, बाहेर दिव्यांत याचं नाव. आणि मग मागची दोन पडली. आपटलीच म्हण. राहतं घर गेलं, बायको आधीच गेली होती. हे नाटक चाललं तर चाललं, नाहीतर लायनेल ग्रीव्ह संपला. डेरेकला आणि पैसे लावणाऱ्यांना म्हातारा केव्हा बाजूला होतो असं झालंय. म्हणून तो घाबरून कात्री चालवतो, मॅन्डी, तू मनावर घेऊ नकोस.

मी मुळात फटकळ. मनावर न घेणं मला कधी जमलेलं नाही. चहा तसाच टाकून मी उठले.

साहेब रिकाम्या हॉलमध्ये बसले होते, मधल्या रांगेत एकटेच, चष्मा पुसत. वरचे एक-दोन दिवे चालू होते आणि धुकं त्या उजेडात तरंगत होतं. मी मागच्या दाराने शिरले. दोन-तीनदा "मिस्टर ग्रीव्ह" म्हणून हाक मारली. मान वळली नाही. माझा पारा आणखी चढला. मी त्यांच्या मागच्या रांगेपर्यंत गेले आणि मराठीत तोंड सोडलं. म्हटलं, मेल्या, चार ओळी होत्या माझ्या आईच्या, त्या तुझ्या डोळ्यांत खुपल्या होय रे. एवढा मोठा तू, आणि निजलेला माणूस कुठला नि ऐकणारा कुठला हे तुला समजेना. आणखीही बरंच बोलले, ते इथे सांगत नाही.

ते चष्मा पुसतच राहिले.

तेवढ्यात स्टेजवर सुताराच्या हातून पडदे तोलायचं लोखंडी वजन निसटलं. फळ्यांवर असं काही आदळलं की सबंध थिएटर हादरलं. मी किंचाळले. वरच्या गॅलरीत झाडणारी बाई "अरे देवा" म्हणून खाली वाकली. सुतार कपाळाला हात लावून बसला.

साहेबांनी चष्मा उजेडात धरून बघितला आणि पुन्हा पुसायला घेतला.

मी खुर्च्यांच्या कडेने पुढे गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी चष्मा लावला, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"कळलं तर तुम्हाला," ते म्हणाले.

मी खाली बसले. भांडायला आले होते आणि भांडण कुठेतरी विरून गेलं होतं.

मग तेच बोलत गेले. सहा वर्षं झाली होती. आधी बारीक स्वर गेले, मग बायकांचे आवाज, मग सगळंच. फोन सेक्रेटरी घ्यायची, बाकी लोकांचे ओठ वाचून निभावत होते. मागची दोन नाटकं त्यांनी ऐकलेलीच नव्हती. हेही नाही. प्रेक्षकांकडे तोंड करून बसायची सवय मात्र जुनी, कान होते तेव्हाची. तेव्हा ते कानांनी ऐकायचे आणि डोळ्यांनी ताडून बघायचे. आता नुसतं ताडणं उरलं होतं. मी म्हटलं, माझं बोलणं कसं समजतं मग, माझ्या उच्चारांना तर सगळे हसतात. ते म्हणाले, "तुमचंच सगळ्यात सोपं जातं, मिसेस हळबे. तुम्ही तोंड उघडून बोलता. इंग्रज माणूस ओठांच्या आत बोलतो."

सबंध कंपनीत मला मिसेस हळबे म्हणणारे ते एकटेच होते. तेही मला त्या दिवशीच जाणवलं.

मी त्यांना सांगितलं. हळू आणि ओठ नीट हलवत. म्हटलं, आमच्याकडे गाणं आवडलं की माणसं डोळे मिटतात. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून. माझे वडील ऑर्गन वाजवत असताना मांडवातले डोळे बघायचे, आणि जेवढे मिटलेले तेवढं पद रंगलं असं समजायचे. तुम्ही काल जे बघितलंत ती झोप नव्हती.



"इकडे डोळे मिटले की मी गाणं काढून टाकतो," ते म्हणाले. "सहा वर्षं तेच करतोय." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "मागच्या नाटकात एक गाणं होतं. चर्चमधलं. त्याला सगळी माणसं डोळे मिटायची. मी ते पहिल्या आठवड्यातच काढलं. रचणारा पोरगा रडला होता."

मला त्यांची इतकी दया आली की स्वतःचा राग आला. मी विचारलं, मग माझं गाणं ठेवता ना? त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. एकदा काढलेलं गाणं त्यांनी आयुष्यात परत घेतलं नव्हतं. आज घेतलं तर डेरेक विचारणार, का. उद्या दुपारी लंडनहून पैसे लावणारे दोघं येणार आहेत, ते विचारणार, का. आणि त्या 'का'चं उत्तर एकच आहे. बहिऱ्या माणसाच्या हातात म्युझिकल कोण ठेवील?

"तुमचं गाणं मी घेतलं," ते म्हणाले, "आणि माझं सगळंच आता तुमच्या हातात आहे. मी विनंती करणार नाही. तो अधिकार मला नाही."

मी काही कबूल न करता उठून आले. खरं सांगते, त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळभर मी मनात एकच हिशेब करत होते. डेरेकला एक वाक्य सांगितलं की आई परत येत होती. एकच वाक्य. आणि ते खोटंही नव्हतं.

शनिवारी दुपारच्या खेळाआधी सगळे स्टेजवर जमलो. पैसे लावणारे दोघे ओव्हरकोट न काढताच खुर्च्यांवर बसले होते. साहेब बाजूला, स्टेजच्या कडेला, पाहुण्यांकडे तोंड करून. दिवा सगळ्यांच्या चेहऱ्यावर पडेल अशी जागा ते नेहमी निवडायचे. त्याचं कारण आता मला ठाऊक होतं.

डेरेक वाईट माणूस नव्हता, तेही सांगून ठेवते. त्याला नाटकाची काळजी होती आणि माझं गाणं त्याला मनापासून आवडायचं. त्याने पाहुण्यांना सांगितलं की आयाचं गाणं काढणं ही घोडचूक आहे, आणि अशा चुका सारख्या व्हायला लागल्यात. मग त्याने मोठ्याने विषयाला हात घातला. म्हणाला, लायनेलना नीट ऐकू येत नाही असं मला बरेच दिवस वाटतंय. काल सुताराने वजन पाडलं तेव्हा ते हललेसुद्धा नाहीत म्हणे. मॅन्डी तिथे होती. नंतर कितीतरी वेळ त्यांच्याशी बोलत होती.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"मॅन्डी," डेरेक म्हणाला, "तू खरं सांग. त्यांना ऐकू येतं का? येत नसेल तर आजपासून नाटक मी बघेन, आणि तुझं गाणं आत्ताच्या खेळात परत येईल. माझा शब्द."

मी साहेबांकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

आणि मला कुठून कोण जाणे, आमच्या मंडळीतले एक बुजुर्ग गायक नट आठवले. उतारवयात त्यांचा वरचा स्वर फाटायचा. ती जागा आली की माझे वडील ऑर्गनचा भाता असा काही दाबायचे, की सगळा मांडव सुरांनी भरून जायचा आणि फाटका स्वर त्यात बुडून जायचा. लोकांना कधी पत्ता लागला नाही. घरी मी वडिलांना एकदा विचारलं, दादा, तुम्ही त्यांना सांगत का नाही, आता थांबा म्हणून? दादा म्हणाले, थांबायचं ते ते ठरवतील. तोवर झाकून न्यायचं.

मी डेरेकला म्हटलं, "त्यांना सगळं ऐकू येतं. तुम्हा-आम्हापेक्षा चांगलं."

डेरेकच्या खांद्यांतला जोरच गेला. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने घड्याळ बघितलं. आणि मी तोंड फिरवून शिडाकडे बघत राहिले. गेली आई. मीच दिली घालवून.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ग्रीव्हसाहेब उठले होते.

"चाळीस वर्षं मी माणसांचे चेहरे वाचतोय," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, सरळ, चढउतार नसलेला. "ही बाई खोटं बोलतेय. आणि इतकं वाईट खोटं बोलणारी नटी मी रंगभूमीवर पाहिली नाही."

मग ते डेरेककडे वळले.

"सहा वर्षं मला काहीही ऐकू येत नाही. तिला हे कालपासून माहीत आहे. डेरेक, नाटक तुझं. सेक्रेटरीला सांगून मी कागद करून देतो. फक्त आयाचं गाणं परत घाल. ते चांगलं आहे."

डेरेक कसाबसा म्हणाला, "तुम्ही ते ऐकलंच नाहीत, लायनेल."

"नाही," साहेब म्हणाले. "लोकांनी ऐकलं. मला बघता आलं नाही."

मला त्यांचा राग आला, असं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल. पण आला. मी एवढं जिवावर उदार होऊन झाकून नेलं आणि या माणसाने सगळ्यांसमोर ते उघडं करून टाकलं. मी रडत होते आणि आयरीस टाचण्या तोंडात धरून माझं लुगडं सारखं करत होती, कारण खेळ अर्ध्या तासावर आला होता आणि रडण्यासाठी कुणी पडदा थांबवत नसतं.

दुसऱ्या अंकात मी बाळाला घेऊन डेकवर आले तेव्हा बॉक्स रिकामा होता. वाटलं, गेले. मग खाली नजर गेली. तिसऱ्या रांगेत, अगदी मधोमध, स्टेजकडे तोंड करून ते बसले होते. त्यांचा चेहरा मी स्टेजवरून पहिल्यांदाच बघत होते. दुर्बीण नव्हती. गुडघ्यांवर हात ठेवून, थोडे पुढे झुकून, माझ्या ओठांवर डोळे लावून बसले होते.

मी गायले. इंग्रजी कडवी झाली, वाद्यं थांबत गेली, आईच्या ओळी आल्या. त्यांच्या डावीकडे, उजवीकडे, मागे, एकेक जोडी डोळे मिटत गेले. शनिवारची दुपार, भरलेला हॉल, दारांच्या फटींतून आत आलेलं धुकं, आणि सगळी माणसं डोळे मिटून बसलेली. त्यांच्यात ते एकटेच टक्क उघड्या डोळ्यांनी बसले होते. तोवर आहे मी, तोवर रात. शेवटचा स्वर मी सोडून दिला आणि तो हळूहळू निघून गेला.

ते बघतच होते. पुढे झुकून, तसेच. माझे ओठ शेवटच्या अक्षरावर उघडेच राहिले होते, आणि गाणं संपलं हे त्यांना कळलेलंच नव्हतं. त्यांच्यासाठी ते चालू होतं.

खाली वादकांच्या कंडक्टरने पुढच्या प्रवेशासाठी हात वर केला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बाळाला थोपटत मी आईच्या त्या चारही ओळी पहिल्यापासून पुन्हा म्हटल्या. नुसत्या ओठांनी. आवाज न काढता, एकेक अक्षर नीट उघडून, त्यांच्याकडे बघत. कंडक्टरचा हात हवेत तसाच राहिला. कुणी हललं नाही. मिटलेल्या डोळ्यांना काही कळलं नाही. त्यांच्यापुरतं गाणं केव्हाच संपलं होतं आणि ते त्या शांततेत बसून होते.

चौथी ओळ झाली आणि मी ओठ मिटले.

ग्रीव्हसाहेब मागे टेकले. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच, सावकाश, आपल्या टाळ्या किती मोठ्याने वाजताहेत हे ठाऊक नसलेल्या माणसासारख्या. त्या आवाजाने हॉलमधली माणसं दचकली आणि त्यांनी डोळे उघडले.